शिक्षा मिलेगी

तुमच्या घरातली डिग्री सध्या कुठे आहे? भिंतीवर आहे, पेटीत आहे, की कामावर आहे?

प्रश्न उर्मट वाटला तर वाटू द्या. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे बाबा जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात फिटर होते आणि सुटीच्या दिवशी बुद्धविहाराच्या समितीसाठी पत्रकं लिहीत. ती छापून आली की घड्या घालायचं काम माझं. घड्या घालता घालताच मी मराठी वाचायला शिकले. त्यामुळे माझं पहिलं पाठ्यपुस्तक पिवळ्या कागदाचं होतं आणि त्यात दर तिसऱ्या वाक्यापुढे उद्गारचिन्ह होतं. प्रत्येक पत्रकात शिक्षणावर एक परिच्छेद ठरलेला असे. पोरींना शिकवा, पदव्या घ्या. पदवी घेतल्यावर तिचं काय करायचं, हे मात्र कोणत्याच पत्रकात नसे. ते मी नोकरीत शिकले, आणि जिच्याकडून शिकले तिची ही हकीकत आहे.

आधी माझ्या नोकरीबद्दल. मदन महलजवळच्या एका सरकारी शाळेत मी सात वर्षं सामाजिक शास्त्र शिकवते आहे. आमच्या राज्यात माझ्यासारखीला अतिथी शिक्षक म्हणतात. अतिथी म्हणजे पाहुणा. हा पाहुणा सगळ्यांच्या आधी येतो, प्रार्थना घेतो, हजेरी भरतो, पाच तास शिकवतो, आणि सत्र संपलं की त्याला निरोप मिळतो. पुढच्या सत्रात बोलावणं येईल का, हे पाहुण्याने विचारायचं नसतं. बाबा म्हणतात, "पाहुण्याले कामाला लावणारं घर मी पहिल्यांदाच पाहून राहिलो."

माझं नाव पहिल्यांदा यादीत लागलं, तेव्हा यादीखाली एक ओळ होती : 'दावा-आपत्ति आमंत्रित हैं.' हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. कुणाची हरकत असेल तर कळवा, एवढाच अर्थ. बाबांनी ती ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"काहून गं, हे लोक आपत्तीले आमंत्रण देऊन राहिले?"

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असणाऱ्या घरांत हे चालायचंच. शब्द तोच, अर्थ भलताच, आणि पाय नेमका तिथेच घसरतो. हा विनोद लक्षात ठेवा. पुढे एकीचा पाय असाच घसरला आणि तिची सगळी मेहनत त्यावर टांगली गेली.

सुनंदावहिनी जबलपूरच्या गढा भागात, आमच्याच गल्लीत राहतात. माहेर भंडाऱ्याकडचं. नवरा, दिलीपदादा, रेल्वेत. लग्न होऊन आल्या तेव्हा इतिहासात एम. ए. होत्या. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या शांतामावशींनी, ती डिग्री फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावली. मावशी स्वतः दुसऱ्या इयत्तेत शाळेतून काढलेल्या. पण आल्यागेल्याला चहाबरोबर डिग्री दाखवायचा त्यांचा नेम होता. विद्यापीठाच्या गोल शिक्क्यावर बोट ठेवून सांगत, "आमच्या सुनेची आहे." वहिनी तेव्हा आत चहा गाळत असत. अशी अकरा वर्षं गेली.

या अकरा वर्षांत मी त्या घरी शेकडो वेळा गेले असेन. मीही ती डिग्री पाहिली, मीही तो चहा प्यायले. शिक्षणावरची पत्रकं वाटायलाच जात होते. मला एकदाही काही सुचलं नाही.

सुचलं ते एका पत्रकामुळे. बाबांनी लिहिलेला मजकूर छापायला जायच्या आधी मी वहिनींकडे ठेवून आले होते, समितीत त्याही आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी कागद परत आला तो पेन्सिलीच्या खुणांनी भरून. शुद्धलेखनाच्या चुका चार. शिवाय समासात एक ओळ : 'हे राज्य आधीचं, ते नंतरचं. क्रम उलटा झाला आहे.' बाबांनी कागद दोनदा वाचला. ते रागावणार असं मला वाटलं. थोडे रागावलेही. मग कपाटातलं पुस्तक काढून त्यांनी क्रम तपासला. वहिनींचाच बरोबर होता.

"ही बाई घरी काय करून राहिली?" शेवटी त्यांनी मला विचारलं. मला, जणू मीच त्यांना घरी बसवलं होतं. एका अर्थाने बसवलंच होतं.

मी वहिनींना गाठलं. "तुम्ही शाळेत का शिकवत नाही?"

"मले हिंदी कुठी येते बाप्पा? भाजीवाल्याशी बोलते तेवढी."

"पुस्तक तर हिंदीतलंच वाचता."

"वाचणं वेगळं. बोलताना माझी मराठी वर येते. पोरं हसतील."

वहिनींचा अंदाज बरोबर होता, फक्त पोरं हसल्यावर पुढे काय होतं हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

बाहेरच्या लोकांना वाटतं की डिग्री आहे म्हणजे शिक्षक होता येतं. डिग्री हा फक्त दाराचा उंबरा आहे. मग दोन वर्षांचं बी. एड. त्यात काही महिने खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गासमोर. त्यानंतर राज्याची पात्रता परीक्षा. तीही झाली की यादी, आणि यादीतून बोलावणं. वहिनींना त्यात एक अडचण जास्त होती. त्यांचं माहेरचं जातप्रमाणपत्र लग्नानंतर या राज्यात चालत नाही. माणूस सीमा ओलांडून आला, त्याच्याबरोबर त्याचं सोसणंही आलं, कागद तेवढा पलीकडे राहिला. यावर मी वेगळं पत्रक लिहिणार आहे. इथे एवढंच की वहिनींना खुल्या गटातून लढायचं होतं.

प्रवेशाला मूळ डिग्री लागते. फ्रेम उतरवायची वेळ आली तेव्हा शांतामावशी म्हणाल्या, "उघडी दिसल ना भिंत." मग स्वतःच स्टुलावर चढल्या. मागचा पुठ्ठा काढला. फ्रेमवाल्याने डिग्री डिंकाने पुठ्ठ्याला चिकटवली होती. पक्की, अकरा वर्षांची. मावशींचा चेहरा उतरला. "मीच म्हटलं होतं त्याले, सुरकुती नको पडू देऊ."

गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून, कोपऱ्यापासून बोटभर बोटभर सोडवत, मावशी, वहिनी आणि मी, तिघींनी मिळून ती सोडवली. डाव्या बाजूला पिवळा डाग राहिला तो कायमचा.

पहिलं वर्ष बरं गेलं. मावशींचे गुडघे दुखत होते, तरी स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला. घरात बोलणं झालं होतं : दोन वर्षं निभावून नेऊ, तिसरं जमणार नाही. दादांची कमाई एक, मुलं दोन, मावशींचं वय पासष्ट. कुणी दुष्ट नव्हतं, सगळ्यांची ताकद तेवढीच होती.

दुसऱ्या वर्षी शाळेतल्या सरावासाठी वहिनी आमच्याच शाळेत आल्या, आणि त्यांच्यावर देखरेख करायला मुख्याध्यापकांनी मला नेमलं. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. घरी मी त्यांना वहिनी म्हणायची, शाळेच्या फाटकात शिरलं की त्या मला मॅडमजी म्हणायच्या. अगदी गंभीरपणे.

सरावात दोन पाठ तपासले जातात. बी. एड. कॉलेजातले एक सर वर्गाच्या शेवटच्या बाकावर आपली शेऱ्यांची वही घेऊन बसतात. विद्यार्थी-शिक्षकाने आधीच पाठयोजना लिहून द्यायची : कोणता प्रश्न विचारणार, फळ्यावर काय लिहिणार, कोणत्या मिनिटाला काय. वहिनींच्या पाठाचा विषय निघाला 'शिक्षा का अधिकार', म्हणजे शिक्षणाचा हक्क. वर्ग सातवी ब. योजना त्यांनी आठ वेळा लिहिली. सगळी वाक्यं हिंदीत पाठ केली. मी निश्चिंत होते.

पहिली पंधरा मिनिटं उत्तम गेली. मग मागच्या बाकावरच्या दोघा पोरांत कंपासपेटीवरून ओढाताण सुरू झाली. पाठयोजनेत कंपासपेटी नव्हती. वहिनींनी खडू रोखला, आणि त्या म्हणत होत्या तसंच झालं, मराठी वर आली.

"जो मस्ती करेगा, उसको शिक्षा मिलेगी."

मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. जो दंगा करील त्याला शिक्षण मिळेल, असं त्या सातवी 'ब'ला सांगून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे फळ्यावर त्यांच्याच अक्षरात 'शिक्षा का अधिकार' लिहिलेलं होतं.

तिसऱ्या बाकावरची रोशनी उठली. ही मुलगी बोलायच्या आधी नेहमी नीट उभी राहते, त्यामुळे तिचा आगाऊपणा शिस्तीसारखा दिसतो.

"और मैडम, जो मस्ती नहीं करेगा, उसको नहीं मिलेगी?"

वर्ग फुटला. वहिनींना क्षणभर कळेना की हसण्यासारखं काय झालं. मग त्यांनी वळून फळा वाचला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पुढची वीस मिनिटं त्यांनी योजना वाचून दाखवली, फळ्याकडे तोंड करून.

आणि मी? मी हसले. देखरेखीला नेमलेली, समतेवर हातभर भाषण देणारी मी, तोंडावर रुमाल धरून हसले.

सरांनी वहीत लिहिलं : 'भाषा दोषपूर्ण. हिंदी माध्यम के लिए तैयार नहीं.' दुसरा पाठही असाच झाला तर सराव पुढच्या वर्षी पुन्हा, असंही ते सांगून गेले. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. पण पुढचं वर्ष म्हणजे तिसरं वर्ष, आणि ते त्या घरात नव्हतं.

संध्याकाळी मी माझ्या पद्धतीने पेटले. तीन पानांची तक्रार लिहिली, कॉलेजच्या प्राचार्यांना. भाषेचा अहंकार, परप्रांतीय स्त्रीचा अवमान, पिढ्यान्‌पिढ्यांची दडपशाही, सगळं आलं. उद्गारचिन्हं मोजली नाहीत. कागद घेऊन वहिनींकडे गेले. त्या पोळ्या लाटत होत्या. हात पुसून त्यांनी तिन्ही पानं वाचली, फळीवरची पेन्सिल घेतली, दोन ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, आणि कागद परत दिला.

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या. "पण ह्यात त्या पोरीचं कुठीच काही नाही."

"कोणती पोरगी?"

"रोशनी. तिनं प्रश्न विचारला होता न. कोणी उत्तरच नाही दिलं तिले."

"वहिनी, तिने थट्टा केली तुमची."

"थट्टा केली का काय केली, प्रश्न बरोबर होता." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "अन् तूबी हसली. मी पाहिलं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"हसण्यासारखंच होतं," त्या म्हणाल्या. "शिक्षा मिळल म्हणे. मीबी घरी येऊन हसली, सासूबाईले सांगता सांगता. पण हे पाठवू नको. तू माझ्यासाठी भांडशील, तर सर तुले उत्तर देतील. माझा तास तसाच राहील. मले तास पाहिजे."

मी कागद फाडला. फाडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वाक्यं चांगली होती.

दुसरा पाठ चार दिवसांनी होता. वर्ग तोच, सरही तेच. वहिनींनी आत आल्याबरोबर फळ्यावर 'शिक्षा' हा शब्द दोनदा लिहिला, शेजारी शेजारी, सारखाच.

"एक मेरे घर की है, एक तुम्हारी किताब की," त्या म्हणाल्या. "मेरे घर में मराठी बोलते हैं. मराठी में शिक्षा मतलब सज़ा. इसलिए उस दिन गड़बड़ हुई. अब तुम बताओ, तुम्हारे घर में ऐसा कौन सा शब्द है जो यहाँ गड़बड़ करता है?"

एकाने सांगितलं, त्याची आजी गावाकडून येते ती मुलाला मोड़ा म्हणते आणि मुलीला मोड़ी. ती बुंदेली बोली. वहिनींनी सांगितलं की मराठीत मोडा म्हणजे तोडून टाका. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी त्याही हसत होत्या, आणि हसण्यात फरक असतो. पाच मिनिटांत फळा भरला. मागच्या बाकावरच्या ज्या दोघांनी कंपासपेटी ओढली होती, ते शब्द सांगण्यासाठी भांडत होते.

मी घड्याळ पाहिलं. पाठयोजना केव्हाच मागे पडली होती. शेवटच्या बाकावरचे सर वही मिटून बसले होते आणि मला धडकी भरली.

"रोशनी, खड़ी हो."

रोशनी उठली. तिला वाटलं, आता खरी मराठी शिक्षा.

"उस दिन तुमने जो पूछा था, फिर से पूछो."

"सॉरी मैडम."

"सॉरी नहीं. सवाल पूछो."

रोशनीने खाली बघत विचारलं, "जो मस्ती नहीं करेगा, उसको नहीं मिलेगी?"

"अच्छा सवाल है. चलो, पता करते हैं किसको मिली और किसको नहीं मिली. तुम्हारे घर में सबसे पहले स्कूल कौन गया?"

आता एकेक हात वर झाला. दादाजी. पापा, पाँचवीं तक. बड़ी बुआ, फिर शादी हो गई. आईचं नाव फार थोड्यांनी घेतलं. वहिनी फळा पुसून, वरची जागा सोडून, प्रत्येक उत्तर लिहीत होत्या, दादाजी, पापा, बुआ, आणि कोण कितवीपर्यंत. मग त्यांनी स्वतःचं लिहिलं : 'मेरी सास, दूसरी कक्षा. निकाल दिया.' कुणी काढलं, का काढलं, ते मुलांनी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. इतिहासात एम. ए. केलेल्या बाईने, पाच वाक्यांत, एकही मोठा शब्द न वापरता. मी त्याच विषयावर तीन पानं फाडली होती.

रोशनी अजून उभीच होती.

"तुम्हारे घर में?"

"कोई नहीं, मैडम." थोडं थांबून ती म्हणाली, "मैं ही."

वहिनींनी तेही फळ्यावर लिहिलं. 

"मस्ती करती हो?"

"करती हूँ."

"फिर भी मिलेगी," वहिनी म्हणाल्या. "बैठो."

मग त्यांनी त्या सगळ्या आज्या-आजोबांच्या यादीच्या वर, राखून ठेवलेल्या जागेत, धड्याचं नाव लिहिलं. शिक्षा का अधिकार. घंटा झाली.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही टेबलावर ठेवली. ते गेल्यावर आम्ही दोघींनी पान उघडलं. दोनच वाक्यं होती. 'पाठयोजना का पालन नहीं हुआ. पाठ हुआ.'

या माणसाविरुद्ध मी प्राचार्यांना तीन पानं पाठवणार होते. त्यांनी आधीचा शेरा खोडला नाही, तोही खराच होता. पण दोन्ही शेरे एकाच वहीत ठेवणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. पत्रकात आम्ही उत्तरं लिहितो. वर्गात प्रश्न लागतो, आणि चांगला प्रश्न बहुतेक वेळा समोरच्याच पोरीकडे असतो, तो घ्यायला खाली वाकावं लागतं. हे मला बी. एड.मध्ये शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते त्या दिवशी.

पात्रता परीक्षेत वहिनी पहिल्यांदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास झाल्या. तिसरं वर्ष जमणार नाही म्हणणाऱ्या मावशींनी ते कसं जमवलं, विचारू नका. यादीत नाव लागलं आणि बाबांची ती आपत्ती खरोखरच आली. कुणीतरी हरकत घेतली : डिग्री दुसऱ्या राज्यातली, शिवाय कागदावर डाग, खरी की खोटी तपासा. वहिनी कागद घेऊन दफ्तरात निघाल्या तेव्हा मावशी चप्पल घालून तयार होत्या. मीही गेले, या वेळी गप्प राहायचं ठरवून.

टेबलावरच्या बाबूने डिग्री उजेडात धरली. "यह दाग कैसा है?"

वहिनी बोलणार, तोच मावशी पुढे झाल्या. "गोंद का है भैया. मैंने चिपकवाया था. फ्रेम में."

"डिग्री कोई चिपकाता है क्या, माताजी?"

"हमारे घर में पहली थी न," मावशी म्हणाल्या. "मालूम नहीं था, इसका क्या करते हैं."

बाबूने त्यांच्याकडे पाहिलं. मग विद्यापीठाच्या ऑनलाइन नोंदीशी नंबर जुळवला, शिक्का उमटवला आणि कागद दोन्ही हातांनी परत दिला.

मावशींचं ते वाक्य मला कुठल्याही पत्रकात सापडलेलं नाही. मालूम नहीं था, इसका क्या करते हैं. आपल्या कितीतरी घरांची गोष्ट एवढीच आहे. पदवीपर्यंतचा रस्ता आपण रक्त आटवून काढला, आणि तिथे पोचल्यावर तिला भिंत दिली.

वहिनी आता गढ्यातल्याच शाळेत शिकवतात, तिसरं सत्र चालू आहे. त्याही पाहुण्याच, माझ्यासारख्या. याचा मला संताप आहे आणि तो मी सोडणार नाही. शिक्षकाला पाहुणा म्हणणाऱ्या राज्याने आपली मुलं कुणाच्या भरवशावर ठेवली आहेत, हे एकदा सांगावं. पण सत्र संपून निरोप मिळाला की वहिनी म्हणतात, "जाऊ दे, जुलैत पोरं तर तीच येतील." आणि पुढच्या वर्षीचे प्रश्न वहीत लिहायला बसतात. मी अजून तिथवर पोचलेले नाही.

परवा त्यांच्याकडे गेले तर बाहेरच्या खोलीत तीच फ्रेम पुन्हा लटकलेली. मी दचकले. मावशी हसल्या.

"झेरॉक्स आहे बाप्पा. भिंतीले झेरॉक्स चालते. ओरिजिनल तिच्याजवळ."

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती हा अंक बाजूला ठेवायच्या आत करायची आहे. उठा, आणि तुमच्या घरातल्या सुनेची, लेकीची, बहिणीची डिग्री शोधा. भिंतीवरून उतरवा, पेटीतून काढा. ती तिच्या हातात द्या आणि तिला विचारा, तिला हिचं काय करायचं आहे. विचारून झालं की तुम्ही गप्प बसा, उत्तर तिला देऊ द्या. आणि पुठ्ठ्याला चिकटलेली निघाली, तर ओढू नका, फाटेल. आधी पाणी उकळत ठेवा.